वीज साठवावी की काम साठवावे?

हिवाळ्यात अकोट तालुक्यातील हरभऱ्याचे ओलीत पाहायचे असेल, तर पुष्कळदा मध्यरात्री वावरात जावे लागे. शेतीपंपांना तीन फेजची वीज पाळीने मिळत आली आहे: दिवसा आठ तास किंवा रात्री दहा तास. रात्रीची ‘लाइन’ असली की कडाक्याच्या थंडीत, साप-विंचवांच्या धास्तीत स्प्रिंकलरचे पाइप हलवायचे. आपल्या वर्गातील कितीतरी मुलांच्या घरचा हा अनुभव असेल. पिकाला पाणी रात्रीच का द्यायचे, असे त्यांनी विचारले तर काय सांगावे?

रात्रीची गरज पिकाला नसते, ती वीजयंत्रणेला असते. वीज ज्या क्षणी वापरली जाते त्याच क्षणी ती निर्माण व्हावी लागते. हा तोल ढळला की ५० हर्ट्झ ही वारंवारताही ढळते. मध्यरात्री मागणी उतरते. पण अकोला जिल्ह्यातीलच पारस येथील २५० मेगावॅटचे संच घ्या, कोळशावरचा असा संच दिव्यासारखा बटण दाबून बंद-चालू करता येत नाही. मग ज्याचे काम मागेपुढे करता येईल असा ग्राहक शोधला गेला, आणि तो शेतीपंप निघाला.

आता चित्र पालटत आहे. सूर्यापासूनची वीज दुपारी भरपूर असते. २०१७ साली राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आली. उपकेंद्राजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीच्या फीडरला दिवसा वीज द्यावी, ही तिची कल्पना. योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील पहिल्या पाच प्रकल्पांचे उद्घाटन ५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. त्यांत अकोला जिल्ह्यातील एक आहे. पंप तोच, विहीरही तीच. बदलली ती फक्त वेळ. रात्रीची चाकरी सुटली, तर शेतकऱ्याला याहून मोठा लाभ कोणता?

परंतु दुपारची जादा वीज संध्याकाळी कशी पुरवायची? बॅटरी हा एक मार्ग. घाटघर येथील २५० मेगावॅटचा प्रकल्प स्वस्त विजेने पाणी वर चढवतो व गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करतो, हा दुसरा. तिसरा मार्ग आपल्या अंगणातला आहे. वीज साठवण्याऐवजी तिने करावयाचे काम आधीच उरकून ठेवायचे. त्यासाठी वीज, पाणी, उष्णता आणि थंडावा यांची वेगवेगळी खाती एकत्र पाहावी लागतात.

थोडा हिशेब करू. एक लाख लिटर पाणी २० मीटर उंचीच्या टाकीत चढवण्यास सुमारे साडेपाच युनिट ऊर्जा लागते. पंप व मोटर मिळून कार्यक्षमता ५० टक्के धरली, तर वीज लागेल ११ युनिट. टाकी दुपारी भरली, तर संध्याकाळची तेवढी मागणी टळली. शंभर लिटर पाणी ३० अंशांनी तापवण्यास साडेतीन युनिट लागतात. उष्णतारोधक टाकीत ते सकाळपर्यंत गरम राहते. शंभर किलो बर्फ वितळताना सुमारे ९ युनिट उष्णता शोषतो. दूध किंवा फळे थंड ठेवण्यासाठी दुपारी बर्फ करून ठेवता येतो. टाकी, गरम पाणी, बर्फ या एका अर्थी स्वस्त बॅटऱ्याच होत.

डेन्मार्कमध्ये सुमारे दोन तृतीयांश घरांना सामुदायिक नळांतून ऊब मिळते. वारा जोराचा असला की तेथे जादा विजेने पाणी तापवून प्रचंड टाक्यांत ठेवतात. त्यांची गरज उबेची, आपली पाण्याची. तत्त्व मात्र एकच.

येथे एक सावधगिरी हवी. दिवसा वीज मिळते म्हणून उपसा वाढला, तर विजेचा प्रश्न सुटेल आणि विहिरीचा सुरू होईल. जोडणी करायची तर भूजलाचे खातेही त्याच वहीत मांडले पाहिजे. ठिबक आणि दिवसाची वीज यांनी हातात हात घालूनच यावे, असे आम्हाला वाटते.

वर्गासाठी एक उपक्रम सुचवतो. मुलांनी घरातील, शेतातील व गावातील विजेच्या कामांची यादी करावी आणि प्रत्येकासमोर एकच प्रश्न लिहावा: हे काम चार तास थांबू शकेल का? दिवा थांबणार नाही. पाण्याची टाकी, पिठाची गिरणी, जिनिंग यांवर वाद होईल. तो होऊ द्यावा. ज्याला थांबता येते त्याने थांबावे, पण त्याची झोप मोडून नव्हे, एवढे मुलांच्या ध्यानात आले तरी पुष्कळ झाले.