जाहिरात न निघालेली नोकरी

मुलगी बी.कॉम. झाली, टॅली शिकली आणि जाहिरातींची वाट पाहत घरी बसली, अशी घरे आमच्या पाहण्यात अनेक आहेत. छोट्या पेढ्या जाहिरात क्वचितच देतात. ओळखीतून माणूस ठेवतात. ओळख म्हणजे नातेवाईकच असे नव्हे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांना १९७३ साली आढळले, की ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी सुमारे ८३ टक्क्यांना ती अधूनमधून किंवा क्वचित भेटणाऱ्याकडून कळली होती.

अमिरातीत २०१८ पासून व्हॅट आहे. दुबईतल्या मध्यम दुकानदारालाही वह्या चोख ठेवाव्या लागतात, आणि हे काम इथून घरबसल्या होते. तिकडे माल घेणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला मुलीने थेट लिहावे. नुसते 'काम असल्यास कळवावे' नको (असली पत्रे केरात जातात). नमुन्याचा महिनाभराचा हिशेब जोडावा, दर लिहावा. कामाआधी कोणी अनामत मागितली, तर तिथेच थांबावे.