केळनेच्या काठी पाँपेई आणि वॉटर्लू

जालना म्हटलं की बियाणं, पोलाद आणि मोसंबी आठवते. सहलीला म्हणून इकडे कुणी फारसं येत नाही. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर भोकरदन लागतही नाही, त्यामुळे ते राहूनच जातं. पण भोकरदनच्या अंगावरून वाहणाऱ्या केळना नदीचा काठ धरला, तर युरोपच्या इतिहासातली दोन बडी प्रकरणं इथे भेटतात.

पहिलं प्रकरण इटलीतलं. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि पाँपेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या एका घराच्या उत्खननात वीतभर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, आणि ती चक्क भारतीय निघाली! हातभर बांगड्या, पोटरीपर्यंत चढलेले वाळे, कमरेला मेखला, दोन्ही बाजूंना चिमुकल्या दासी. डोक्यात वरून भोक आहे; म्हणजे ती आरशाची मूठ असेल, नाहीतर एखाद्या उंची चौरंगाचा पाय. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

१९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी भोकरदनला उत्खनन केलं, तेव्हा मातीतून एक तुटकी हस्तिदंती मूर्ती निघाली. वरचा भाग गायब. पण उभं राहण्याची ढब तीच, शेजारच्या दासी तशाच. मराठवाड्यातल्याच तेरलाही अशीच मूर्ती मिळाली आहे. म्हणून पाँपेईची मूर्ती याच मुलखातल्या कारागिराच्या हातची असावी, असं काही अभ्यासक मानतात. पाँपेईच्या मूर्तीवर वायव्येकडच्या खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, त्यामुळे तिचं माहेर वायव्येला शोधणारेही आहेत. पण भोकरदनचा दावा हलका नाही. हे तेव्हाचं भोगवर्धन. पैठणहून उज्जैनकडे जाणारा व्यापारी मार्ग इथून जाई. इथल्या लोकांनी दिलेल्या दानाच्या नोंदी थेट सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर कोरलेल्या आहेत.

दुसरं प्रकरण २३ सप्टेंबर १८०३ चं. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजांचा तळ केळनेच्या काठाने भोकरदनपासून असईपर्यंत पसरला होता. समोर इंग्रजांचा ३४ वर्षांचा सेनानी आर्थर वेलस्ली, फौज त्यांच्या मानाने मूठभर. नदीला उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं. वेलस्लीने पाहिलं, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं दोन काठांवर अगदी समोरासमोर. इतक्या जवळची माणसं एकमेकांकडे जात-येत असणारच, तेव्हा उतारही असणार, हे त्याने ताडलं. उतार होता! तिथून त्याची फौज केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात शिरली. शिंद्यांच्या कवायती पलटणींनी चपळाईने तोंड फिरवलं आणि तोफा अशा चालवल्या की इंग्रजांची दीड हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. वेलस्लीच्या अंगाखालचा एक घोडा ठार झाला, दुसऱ्याला भाला लागला. तरी लढाई त्याने जिंकली. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. उतारवयात त्याला विचारलं, लढाईतली तुमची सर्वांत सरस कामगिरी कोणती? वॉटर्लू नव्हे, त्याने असईचं नाव घेतलं.

पाहायचं कसं? जालन्याहून निघून राजूरच्या गणपतीचं दर्शन, मग भोकरदनची नदीकाठची जुनी लेणी, नंतर असई आणि शेवटी केळना जिथे पूर्णेला मिळते ते जाफ्राबाद. सप्टेंबरअखेर जा, नदीला पाणी असतं. काठावर उभं राहून उतार कुठे असेल ते स्वतःच ताडून बघा. वाटाड्याला विचारू नका.