जिन्याखालची मोटरसायकल

धारवाड येथील माझ्या मामांच्या घरी जिन्याखाली एक मोटरसायकल सुमारे तीस वर्षे गोणपाट पांघरून उभी होती. नोकरीस लागल्यावर १९६७ साली मामांनी ती विकत घेतली, आणि १९९४ साली त्यांच्या गुडघ्याने किक मारण्यास नकार दिला तेव्हा ती जिन्याखाली गेली. मामांचे वय आता ब्याऐंशी वर्षांचे आहे. गेल्या वर्षी एके दिवशी ते सहज म्हणाले, “तुझ्याच्याने होईल का रे? तिचा आवाज एकदा ऐकायचा आहे, एवढेच.” या एका वाक्यावरून सुरू झालेले काम आठ महिने चालले. माझे शिक्षण मराठी साहित्याचे; यंत्रांशी संबंध आला तो शास्त्रीय ग्रंथांच्या भाषांतरापुरता. ‘दट्ट्या’ हा शब्द मी शेकडो वेळा लिहिला होता, परंतु दट्ट्या हातात घेण्याचा प्रसंग प्रथमच आला. मिस्तरी त्याला पिस्टन म्हणतात, आणि माझा शब्द ऐकून ते हसले, हेही सांगून टाकतो.

गाडी ‘जावा’ जातीची. फ्रांतिशेक यानेचेक या चेक कारखानदाराचे आडनाव व ‘वांडरर’ हे जर्मन गाडीचे नाव यांची आद्याक्षरे जोडून १९२९ साली हे नाव तयार झाले. आपल्याकडे म्हैसूर येथील ‘आयडियल जावा’ कारखान्याने १९६१ पासून परवान्याने या गाड्या बनविण्यास आरंभ केला. १९७३ पासून त्या ‘येझदी’ या नावाने निघू लागल्या, आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ साली ‘जावा’ हे नाव बाजारात परत आले खरे, परंतु ते एका निराळ्याच, चतुर्धाव एंजिनाच्या गाडीवर. मामांची गाडी द्विधाव एंजिनाची. तिच्या सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर व दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर आहे. सिलिंडर एकच असला तरी त्याचा धूर दोन नळ्यांवाटे डाव्या व उजव्या अशा दोन सायलेन्सरांत जातो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

जुने यंत्र उघडताना पहिला मोह घाईचा होतो. नट-बोल्ट गंजून एकजीव झालेले असतात. लोखंड, पाणी व प्राणवायू यांच्या संयोगाने होणारा गंज मूळ लोखंडाहून अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांमधील अरुंद फट तो ठासून भरतो. अशा ठिकाणी जोर केला तर बोल्ट तुटतो, आणि तुटलेला तुकडा काढण्यास दोन दिवस लागतात. पातळ तेल सोडून रात्रभर थांबावे हे उत्तम. केशाकर्षणाने तेल फटीत शिरते, आणि सकाळी पान्ह्याच्या हलक्या हिसक्याने नट सुटतो. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे व सुटे स्क्रू निरनिराळ्या डब्यांत चिठ्ठ्या घालून ठेवावेत. मामींनी बिस्किटांचे अकरा डबे दिले. ते सर्व भरले. या गाडीचे आटे मेट्रिक मापाचे असल्याने साधे पान्हे चालले. जुनी ‘बुलेट’ असती तर इंग्रजी मापांचे वेगळे पान्हे शोधत हिंडावे लागले असते.

पेट्रोलची टाकी हे सर्वांत धोक्याचे अंग होय. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक भयंकर असते, कारण तिच्यात पेट्रोलची वाफ व हवा यांचे स्फोटक मिश्रण साठलेले असते. म्हणून साबणाच्या गरम पाण्याने ती अनेकदा धुतल्यावाचून कोणतेही काम करू नये, आणि डाग देण्याचे किंवा झाळण्याचे काम तर घरी मुळीच करू नये. टाकीतील गंज आम्ही विजेने काढला. धुण्याच्या सोड्याचे द्रावण टाकीत भरले, तोंडातून एक साधी लोखंडी सळई टाकीस स्पर्श होणार नाही अशी टांगली, आणि बॅटरी भारित करण्याच्या यंत्राचे धन टोक सळईस व ऋण टोक टाकीस जोडले. ऋण टोकाकडील गंजाचे क्षपण होऊन तो सैल होतो आणि सुटतो. सळई मात्र झिजत जाते. सळईऐवजी स्टेनलेस पोलादाचा चमचा वापरण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो ऐकू नये, कारण त्यातून क्रोमियमची अत्यंत विषारी संयुगे द्रावणात उतरतात. या क्रियेत हायड्रोजन वायूही निघतो. तेव्हा काम अंगणात करावे, व जवळपास आग किंवा ठिणगी नसावी. दोन दिवसांनी टाकी आतून करडी झाली. ती ताबडतोब वाळवून तेलाचा हात फिरविला, नाही तर तासाभरातच नवा तांबूस थर धरतो.

रंगाविषयी माझे मत काहीसे हट्टी आहे. मित्रांनी नवा रंग व नवा मुलामा देण्याचा आग्रह धरला. परंतु टाकीवरील किरमिजी रंग व त्याच्या कडेने ओढलेली बारीक सोनेरी रेघ म्हैसूरच्या कारखान्यातील कोणा कारागिराच्या हातची होती. तीवरील ओरखडेही मामांचेच होते. सौम्य साबण व मऊ फडके यांनी जेवढे निघाले तेवढेच आम्ही काढले. खरवडलेला रंग परत आणता येत नाही. गंजलेला बोल्ट मात्र नवा मिळतो.

ब्रेकची पेटी उघडताना एक सावधगिरी आवश्यक आहे. त्या काळच्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे, व त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. ती फुंकून किंवा ब्रशाने झटकून कधीही काढू नये. नाकातोंडाला चांगला मुखवटा बांधून ओल्या फडक्याने टिपावी, आणि ते फडके पिशवीत बंद करून टाकावे. रबरी टायरांवर नक्षी शाबूत होती तरी बाजूंस भेगा पडल्या होत्या. ते टायर तसेच ठेवणे म्हणजे स्वाराचा जीव पणास लावणे होय.

या गाडीची विद्युत्‌व्यवस्था सहा व्होल्टची आहे. तीस वॅटच्या दिव्यास बारा व्होल्टवर अडीच अँपिअर प्रवाह पुरतो, तर सहा व्होल्टवर पाच अँपिअर लागतो. प्रवाह दुप्पट म्हणून प्रत्येक मळकट जोडणीत होणारी व्होल्टची घटही दुप्पट, आणि मुळात व्होल्ट निम्मेच. यामुळेच जुन्या गाड्यांचे दिवे मिणमिणते म्हणून बदनाम झाले. आम्ही तारांची टोके घासून चकचकीत केली, सांगाड्याशी होणारी जोडणी रंग खरवडून धातूस भिडविली, आणि प्रकाशात पडलेला फरक पाहून मामींनाही नवल वाटले. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटांची टोकेही साफ करून त्यांमधील अंतर ०.४ मिलिमीटर ठेवले.

आता एंजिनाकडे वळू. माझी चूक याच ठिकाणी झाली. द्विधाव एंजिनात पेट्रोल व हवा यांचे मिश्रण प्रथम दट्ट्याच्या खाली, क्रँकपेटीत, शिरते. दट्ट्या खाली येताना ते दाबले जाते आणि बाजूच्या वाटांनी सिलिंडरमध्ये वर चढते. सारांश, क्रँकपेटी हा एक पंपच आहे, आणि पंप हवाबंद असला पाहिजे. क्रँकचा आस पेटीतून दोन्ही बाजूंस बाहेर पडतो, तेथे फिरत्या आसाभोवती सील असते. डाव्या बाजूचे सील निकामी झाले तर चेनपेटीतील तेल आत ओढले जाऊन पांढरा धूर निघतो. उजव्या, डायनामोच्या बाजूचे निकामी झाले तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण विरळ होते, आणि विरळ मिश्रणाने एंजिन फाजील तापते. पहिला दोष डोळ्यांना दिसतो. दुसरा दिसत नाही.

दोन्ही सीले बोटांना कडक लागत होती. परंतु ती बदलण्यास एंजिन पूर्णपणे उकलावे लागणार होते, आणि मामांची प्रकृती त्या दिवसांत बरी नव्हती. गाडी लवकर सुरू व्हावी असे मला वाटत होते. मी जुनी सीले तशीच ठेवली. लिटरभर पेट्रोलास पन्नास मिलिलिटर तेल घालून गाडी सुरू केली. ती चौथ्या किकेला सुरू झालीही! मामा त्या दिवशी रुग्णालयात होते. त्यांना दाखविण्यापूर्वी एक फेरी मारावी म्हणून मी निघालो, आणि तिसऱ्या किलोमीटरवर मागचे चाक अकस्मात जखडले. क्लच वेळेवर दाबला गेला म्हणून मी पडलो नाही.

काय झाले होते? ६५ मिलिमीटर व्यासाचा ॲल्युमिनियमचा दट्ट्या १०० अंश सेल्सिअसने तापला तर त्याचा व्यास सुमारे ०.१४ मिलिमीटरने वाढतो. लोखंडी सिलिंडर तितकाच तापला तर तो याच्या निम्म्यानेच वाढतो. दोहोंतील फरक केसाच्या जाडीएवढा. दट्ट्या व सिलिंडर यांमधील गाळा हा फरक सामावण्यापुरताच राखलेला असतो. विरळ मिश्रणाने दट्ट्या प्रमाणाबाहेर तापला, गाळा संपला, तेलाचा थर फाटला व दट्ट्या सिलिंडरला चिकटला. उघडून पाहिले तेव्हा सिलिंडरच्या भिंतीवर ॲल्युमिनियमचे चंदेरी पट्टे उमटले होते. सिलिंडर हुबळीस पाठवून पोखरून घ्यावा लागला आणि एक माप मोठा दट्ट्या बसविला. दोन सिलांच्या खर्चाच्या कित्येक पट खर्च त्यापायी झाला.

दुसऱ्या खेपेस एंजिन पूर्ण उकलले. नवी बेअरिंगे रात्रभर शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवली, ॲल्युमिनियमची पेटी चुलीच्या शेगडीवर हळूहळू तापविली. थंड बेअरिंग आकुंचित, तापलेली पेटी प्रसरण पावलेली. हातोडीवाचून बेअरिंग आपल्या जागी टक् करून बसले. ज्या प्रसरणाने मला रस्त्यात उभे केले होते, तेच येथे मदतीस आले. सीले नवी घातली. कार्ब्युरेटरमधील जुने रबर व फायबरही बदलले. आपल्याकडे पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरास फुगविते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. म्हणून गाडी बराच काळ उभी राहणार असल्यास टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवावेत.

कागदपत्रांचाही येथे उल्लेख केला पाहिजे. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खाजगी गाड्यांसाठी नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. त्यांखालील नोंदणी दहा वर्षे टिकते, परंतु अशी गाडी रोजच्या वाहतुकीस वापरता येत नाही. मामांनी जुने नोंदणीपुस्तक पंचांगाच्या गठ्ठ्यात जपून ठेवले होते, म्हणून आमचे काम सोपे झाले.

नोव्हेंबरमधील एका सकाळी मामांना अंगणात खुर्चीवर बसविले. या गाडीत गिअरचा दांडाच आत दाबून वर वळविला की किकचा दांडा होतो. ती युक्ती मामांनीच मला पुन्हा एकदा हातवारे करून दाखविली. तिसऱ्या किकेला एंजिन सुरू झाले. निळसर धूर निघाला, अंगणातील कावळे उडाले, मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामा डोळे मिटून बराच वेळ ऐकत होते. मग त्यांनी हात वर केला.

“डावीकडचा आवाज मोकळा येतो आहे,” ते म्हणाले. “आतली नळी बसवलीस का?”

मी खोलीत जाऊन पाहिले. काजळी जाळून साफ केलेली डाव्या सायलेन्सरची आतील नळी सातव्या डब्याशेजारी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तशीच पडली होती.