एकी झाली, मग मतं कुठं गेली?

१३ मे २०२३, शनिवार. आपल्याकडे सुटीचा दिवस. भारतात मतमोजणी आठला सुरू होते, म्हणजे मस्कतच्या घड्याळात साडेसहाला. अझैबाच्या समुद्रकाठी रोज पहाटे न चुकता फिरायला जाणारे आमचे शहापूरचे काका त्या दिवशी घराबाहेर पडलेच नाहीत. (शहापूर म्हणजे बेळगावचे शहापूर, ठाणे जिल्ह्यातले नव्हे! नव्याने आलेल्या मंडळींसाठी हा खुलासा.) आम्ही चार-पाच बेळगाव-खानापूरकर त्यांच्याकडे चहाला जमलो होतो. टीव्हीवर सगळ्या देशाचे लक्ष कर्नाटकात काँग्रेस येणार की भाजप राहणार इकडे. आमचे लक्ष मात्र बेळगाव दक्षिण, ग्रामीण, उत्तर आणि खानापूर या चार जागांवर. जेवणाच्या वेळेपर्यंत चित्र स्पष्ट झाले. महाराष्ट्र एकीकरण समितीला शून्य. खानापूरच्या वहिनींनी खास गावाहून आलेला कुंदा आणला होता. तो डब्यातच राहिला.

"दोन गट होते तेव्हा पडलो, ते समजतं," काका म्हणाले, "पण ह्या खेपेला एकी झाली होती की हो!"

काकांचा हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

समिती म्हणजे नेमके काय, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना थोडे सांगायला हवे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना झाली, बेळगाव जिल्ह्यातला फक्त चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून सीमाभागात १ नोव्हेंबर हा काळा दिन आणि १७ जानेवारी हा हुतात्मा दिन. या लढ्यासाठी वेगवेगळ्या पक्षांतली माणसे एकत्र आली, ती समिती. म्हणजे हा मुळात पक्षच नव्हे, ती चळवळ. निवडणूक आयोगाच्या दप्तरी आजही समितीचे उमेदवार अपक्ष म्हणूनच लढतात. आमच्या लहानपणी घरात "आपलं मत समितीला" हे कुणी सांगावे लागत नसे. गावात दुसऱ्या पक्षाचा माणूस म्हणजे जरा संशयाचाच विषय!

निवडणूक हेही त्या काळी आंदोलनाचेच एक हत्यार होते. १९९६ साली बेळगाव लोकसभेला तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले, ते दिल्लीचे लक्ष वेधायला. मतपत्रिका छापता छापता सरकारच्या नाकी नऊ आले. पुढे त्याच वर्षी अनामत रक्कम ५०० रुपयांवरून दहा हजारांवर गेली. त्याला आमच्या बेळगावचाही हातभार लागला, हे काका अजूनही अभिमानाने सांगतात.

पण जे हत्यार लक्ष वेधायला वापरायचे, त्यानेच जागा जिंकायच्या, ही कसरत दिवसेंदिवस अवघड होत गेली. २००८ साली विधानसभेत समितीचा एकही आमदार नाही. २०१३ साली दोन आले, दक्षिणमधून संभाजी पाटील आणि खानापुरातून अरविंद पाटील. आणि मग २०१८ ची ती बदनाम निवडणूक. दीपक दळवींचा एक गट, किरण ठाकूर यांचा दुसरा. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारख्या वडीलधाऱ्यांनी समजावले, पण मनोमीलन काही झाले नाही. बेळगाव दक्षिणमध्ये प्रकाश मरगाळे आणि किरण सायनाक असे समितीचेच दोघे समोरासमोर. खानापुरात अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर. निकाल शून्य.

तेव्हापासून प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य, "बेकीनं घात केला." मीही कित्येकदा म्हटले असेन. पण हिशेब मांडून बघितला तर गोष्ट एवढी सरळ नाही.

खानापुरात बेकीने घात केला हे शंभर टक्के खरे. काँग्रेसच्या अंजली निंबाळकर साडेछत्तीस हजारांच्या आसपास मतांवर निवडून आल्या. समितीच्या एकाला सव्वीस हजारांवर मते, दुसऱ्याला जवळजवळ अठरा हजार. बेरीज तुम्हीच करा. पण दक्षिणमध्ये? तिथे भाजपचे अभय पाटील अठ्ठावन्न हजारांच्या फरकाने आले आणि दुसरा क्रमांकही काँग्रेसचा होता. समितीच्या दोघांची मते एकत्र केली तरी तो फरक भरून निघत नव्हता. म्हणजे तिथे घर फुटायच्या आधीच माणसे घर सोडून गेली होती.

आता २०२३ बघा. या वेळी एकी झाली, एका जागेला एकच उमेदवार. दक्षिणमध्ये रमाकांत कोंडुसकरांनी चौसष्ट हजारांवर मते घेतली, अभय पाटलांचा फरक बारा हजारांच्या घरात आणला. पडले, पण ताठ मानेने. आणि खानापुरात, जिथे फुटलेल्या समितीला दोघांत मिळून चव्वेचाळीस हजार मते होती, तिथे एकत्र समितीचा उमेदवार दहा हजारांच्या आसपासच अडकला! मधल्या काळात माजी आमदार अरविंद पाटील भाजपमध्ये गेले होते, आणि भाजपचे विठ्ठल हलगेकर चोपन्न हजारांच्या फरकाने निवडून आले. हे आकडे मी काकांना वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मतदार मराठी राहिला नाही असे थोडेच आहे? खानापूर तालुक्यात आजही बाजारात, देवळात, भांडणात मराठीच. पण तो आता फक्त मराठी म्हणून मत देत नाही. मार्च २०२३ मध्ये राजहंसगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले, तेही दोनदा. एकदा भाजपच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते आणि दोन-तीन दिवसांत पुन्हा काँग्रेसकडून. समितीने मागाहून दुग्धाभिषेक केला. ज्या महाराजांच्या नावाने समितीने पन्नास-साठ वर्षे माणसे गोळा केली, त्यांच्या पायाशी समिती तिसरी पोचली, ही गोष्ट मला निकालापेक्षा जास्त लागली.

महापालिकेतही तेच झाले. वर्षानुवर्षे बेळगावची महापालिका हा समितीचा गड. २००५ साली याच महापालिकेने महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला, महापौर विजय मोरे यांच्या तोंडाला बेंगळूरमध्ये काळे फासण्यात आले, पालिका बरखास्त झाली, पण माणसे वाकली नाहीत. २०२१ साली तिथेच ५८ पैकी ३५ जागा भाजपच्या आणि समितीच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गंमत अशी की त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेच्या पोटनिवडणुकीत शुभम शेळके या तरुण उमेदवाराला सव्वा लाखाच्या जवळपास मते पडली होती, आणि तीही खानापूर त्या मतदारसंघात नसताना! मते होती, उत्साह होता. पण चार-पाच महिन्यांत ती वॉर्डापर्यंत पोचवायला यंत्रणा नव्हती.

माझ्या मते खरे दुखणे हेच. गटबाजी हे त्याचे वरवरचे लक्षण. उद्या सीमाप्रश्न सुटणार आणि परवा समिती विसर्जित होणार, या हिशेबानेच तिची उभारणी झाली. महाराष्ट्र झाल्यावर संयुक्त महाराष्ट्र समिती पांगलीच ना, तसे. उद्या मोडायच्या मांडवाला पक्के खांब कोण लावतो? पण तो उद्या काही आला नाही. महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, सर्वोच्च न्यायालयातला महाराष्ट्राचा दावा २००४ चा. वीस वर्षे उलटली तरी निकाल नाही.

इथे मला शेजारच्या गोव्याची आठवण होते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण चौतीस हजार मतांनी हरले. ज्या मागणीसाठी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष जन्मला, ती मागणीच संपली. पक्षही संपायला हवा होता. पण त्यानंतर दोन-तीन महिन्यांतच झालेल्या निवडणुकीत तोच पक्ष पुन्हा सत्तेवर आला! कारण भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव शाळा काढल्या होत्या, कुळांच्या बाजूने उभे राहिले होते. पुढे तो पक्षही फुटला, आणि २०२२ साली त्याचे दोनच आमदार आले, हेही खरे. तरी मूळ मागणी गेल्यावर तो इतकी वर्षे टिकला, तो लोकांच्या रोजच्या कामामुळे.

समितीला रोजचे काम कमी आहे का? मराठी शाळांत शिक्षक नाहीत, सरकारी कागद मराठीत मिळत नाहीत. घटनेचे कलम ३५०-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगते. ते सीमाप्रश्नाच्या निकालावर अवलंबून नाही. "हे मागायचं म्हणजे कर्नाटकात राहायचं मान्य करणं," असे काही जुनी माणसे म्हणतात. त्यांच्या त्यागापुढे बोलायचा मला अधिकार नाही, १९८६ च्या कन्नड सक्तीच्या आंदोलनात लाठ्या खाल्लेली माणसे ती. पण माझा पुतण्या १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला जातो आणि मत दुसरीकडे देतो. विचारले तर म्हणतो, "काका, तिथं जाणं वेगळं, गटारीचं काम वेगळं." त्याला गद्दार म्हणून मोकळे व्हायचे की गटारीचे काम हातात घ्यायचे, हे समितीला ठरवावे लागेल.

परवा शुक्रवारी पुन्हा काकांकडे जमलो होतो. महापालिकेच्या पुढच्या निवडणुकीचा विषय निघाला. वहिनी म्हणाल्या, "आमच्या बहिणीच्या गावी शाळेला मास्तर नाही, गावातल्या बायकाच अर्ज घेऊन फिरतायत. त्यांच्यासंगं तरी जा म्हणावं कुणीतरी." काकांनी मान हलवली. मग मला विचारले, अनिवासी भारतीयाला इथून मत देता येते का? म्हटले, नाही, मतदार यादीत नाव हवे आणि स्वतः तिथे हजर राहायला हवे. काकांनी लगेच शहापूरला धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, यादीत माझं नाव आहे का रे अजून? बघून सांग. आणि हो, आपल्या वॉर्डात समितीचं काम कोण बघतंय, तेही विचार."

पलीकडून काय उत्तर आले ते आम्हांला ऐकू आले नाही. काका मात्र "बरं, बरं" म्हणत गॅलरीत गेले.