मतप्रदर्शनातील आत्मसंशय : देवगड परिसरातील बोली आणि महाविद्यालयीन वर्ग

प्रस्तावना

चर्चेत स्वतःचे मत मांडताना ‘आपण बोलावे की नाही’ असा जो संशय मनात येतो, त्यास सामान्यतः भिडस्तपणा किंवा अभ्यासाचा अभाव समजले जाते. देवगडसारख्या मालवणीभाषक परिसरातील वर्गाच्या बाबतीत हे स्पष्टीकरण अपुरे ठरते. येथे मताविषयीचा संशय आणि भाषेविषयीचा संशय एकमेकांत मिसळलेले असतात, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करावयाचे आहे.

बोलीचे स्थान

घरी ‘माका असा वाटता’ असे सहज म्हणणारी विद्यार्थिनी वर्गात ‘मला असे वाटते’ या वाक्याची मनात जुळणी करू लागते. तोवर चर्चा पुढे गेलेली असते. हा वक्तृत्वाचा अभाव नव्हे. याच परिसरातील दशावतारात नट लिखित संहितेशिवाय उत्स्फूर्त संवाद बोलतात. मात्र तेथे देव व राजे प्रौढ मराठी बोलतात, तर संकासुर मालवणीतून हसवितो. १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीस मोठी लोकप्रियता मिळवून दिली, तीही विनोदाच्याच वाटेने. त्यामुळे बोलीत गंभीर मत मांडल्यास हशा पिकेल, ही भीती निराधार म्हणता येत नाही. शिवाय नटास भूमिकेचे कवच असते. चर्चेतील मत मात्र सर्वस्वी आपले असते.

याउलट देवासमोरील गाऱ्हाणे मालवणीतच घातले जाते. गावाच्या सुखदुःखाचा तो गंभीर उच्चार असतो आणि प्रत्येक मागणीस जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. बोली गंभीर आशय समर्थपणे पेलते आणि बोलणारा एकटा नसतो, या दोन्ही गोष्टी येथे दिसतात.

साथीचे महत्त्व

सॉलोमन अ‍ॅश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांत रेषांची लांबी ओळखताना, मुद्दाम चुकीचे उत्तर देणाऱ्या गटापुढे सहभागी व्यक्तींची सुमारे एकतृतीयांश उत्तरे गटाकडे झुकली. गटातील एकानेही बरोबर उत्तर दिल्यास हे प्रमाण पुष्कळच घटले. एलिझाबेथ नोएल-नॉयमान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, आपण अल्पमतात आहोत असे वाटणारे मौन धरतात आणि त्या मौनामुळे त्यांचे मत अधिकच दुर्मीळ भासते.

समारोप

आपली माहिती खरी आहे काय, हा संशय अभ्यासास उपकारक असतो. आपली भाषा बोलण्यायोग्य आहे काय, हा संशय केवळ मौन वाढवितो. म्हणून प्राध्यापकांनी चर्चेपूर्वी विचार लिहून काढण्यास दोन मिनिटे द्यावीत, प्रथम दोघादोघांत बोलीतून बोलू द्यावे, उच्चारावरील हशा तेथेच थांबवावा आणि स्वतःचे मत शेवटी सांगावे. आंबा बागायत किंवा मासेमारी यांवरील चर्चेत, ज्यांच्या घरी त्या व्यवसायाचा पिढ्यांचा अनुभव आहे तेच गप्प राहिले, तर हानी केवळ त्यांची होत नाही. त्या विषयाचे ज्ञानच अपुरे राहते.