जमिनीचे वाटे, अपराधाचा वारसा

अपराध उघडकीस येणे आणि अपराधाची शिक्षा होणे या दोन गोष्टी सामान्यतः एकच मानल्या जातात. पुरावा सापडला, न्यायालयाने निकाल दिला, की हिशेब मिटला अशी आपली धारणा असते. झॅक हिल्डिच या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा २०१७ साली प्रदर्शित झालेला '१९२२' हा चित्रपट नेमका या धारणेला धक्का देतो. स्टीफन किंग यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच नावाच्या दीर्घकथेवर तो आधारलेला आहे. त्यात खून होतो, चौकशीही होते. परंतु शेरीफ हात हलवत परत जातो. खरी शिक्षा सुरू होते ती त्यानंतर.

कथानक अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या हेमिंगफर्ड होम या काल्पनिक खेड्यात घडते. विल्फ्रेड जेम्स हा आपल्या शेतीचा विलक्षण अभिमान बाळगणारा शेतकरी. त्याची पत्नी आर्लेट हिला वडिलांकडून वारसाहक्काने १०० एकर जमीन मिळालेली आहे. ती विकावी, ओमाहा शहरात जावे आणि तेथे कपड्यांचे दुकान थाटावे ही तिची इच्छा. जमिनीला गिऱ्हाईकही तयार आहे, डुकरांचा कत्तलखाना चालवणारी एक कंपनी. विल्फ्रेडला हे मान्य नाही. पत्नी घटस्फोटाची आणि मुलाला बरोबर नेण्याची भाषा बोलू लागताच तो चौदा वर्षांच्या हेन्रीला हाताशी धरतो. शेजारच्या शॅननवर हेन्रीचे प्रेम आहे. शहरात गेलास तर ती दुरावेल, हे बाप त्याच्या मनात हळूहळू भरवतो. अखेर एका रात्री बापलेक मिळून आर्लेटचा गळा चिरतात आणि प्रेत विहिरीत टाकतात. विहीर बुजवायला निमित्त हवे म्हणून तीत एक गायही लोटली जाते.

१९२२ हे साल केवळ शोभेसाठी निवडलेले नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपची शेती उद्ध्वस्त झाली होती आणि अमेरिकन धान्याला अभूतपूर्व भाव मिळत होता. त्या भरवशावर अनेक शेतकऱ्यांनी कर्जे काढली, जमिनी घेतल्या. युद्ध संपले आणि १९२० नंतर भाव कोसळले. १९१९ साली बुशेलला दोन डॉलरच्या वर गेलेला गहू १९२१ मध्ये सुमारे एका डॉलरवर आला. मक्याची घसरण तर त्याहूनही मोठी होती. शहरे भरभराटीच्या दिशेने निघाली असताना खेड्यांत मंदी आली, आणि त्या दशकात बुडालेल्या पाच हजारांहून अधिक बँकांपैकी बहुसंख्य ग्रामीण भागातल्या होत्या. दुसरीकडे ओमाहा हे मांस-उद्योगाचे बलाढ्य केंद्र झाले होते. १८८३ साली जनावरांच्या बाजारासाठी तेथे कंपनी स्थापन झाली आणि त्या बाजाराभोवती कत्तलखान्यांचा पसारा वाढत गेला. तेव्हा शहराकडे पाहणारी आर्लेट आणि मातीला चिकटून राहणारा विल्फ्रेड हा केवळ एका बिनसलेल्या संसारातला तंटा नव्हता. काळाच्या दोन प्रवाहांची ती टक्कर होती.

तथापि परिस्थितीचे हे स्पष्टीकरण म्हणजे गुन्ह्याचे समर्थन नव्हे. भाव पडले म्हणून हजारो शेतकरी कर्जबाजारी झाले. त्यांनी बायकांचे गळे कापले नाहीत. विल्फ्रेडचे दुखणे निराळे आहे. जी जमीन कायद्याने पत्नीची आहे, ती मनाने त्याने केव्हाच आपली मानलेली आहे. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा हक्क देणारे कायदे अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत एकोणिसाव्या शतकातच झाले होते, आणि १९२० साली स्त्रियांना मतदानाचा घटनात्मक हक्कही मिळाला होता. कागद बदलला होता, घर बदलले नव्हते. आर्लेट आपल्या मालकीची वस्तू विकू पाहते, एवढाच तिचा अपराध. नवऱ्याच्या दृष्टीने मात्र ती त्याची प्रतिष्ठाच बाजारात मांडत असते. मालकी आणि पुरुषार्थ यांची अशी गाठ पडली, की समोरचे माणूस केवळ अडथळा म्हणून दिसू लागते.

या चित्रपटातील सर्वांत भयंकर प्रसंग खुनाचा नव्हे, त्याच्या आधीचा आहे. बाप मुलाला समजावतो, तो प्रसंग. पापाचा अर्धा वाटा दुसऱ्याच्या पदरी टाकला म्हणजे आपले ओझे अर्धे होईल, अशी त्याची समजूत असावी. वाल्या कोळ्याच्या कथेत वाल्या घरच्यांना विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी व्हाल का? घरचे नाही म्हणतात आणि त्या नकारानेच त्याचे डोळे उघडतात. हेन्रीला नकार देण्याचे वय नाही, बळही नाही. जमिनीचे वाटे पडतात, तेव्हा प्रत्येकाच्या हाती तुकडा येतो. अपराधाचे तसे होत नाही. तो प्रत्येक वारसाच्या नावावर संपूर्ण चढतो. आईच्या रक्ताने हात माखलेला हा मुलगा पुढे शॅननला घेऊन पळतो आणि दरोडेखोर होतो. शॅनन गोळी लागून मरते, आणि हेन्री स्वतःचा अंत करून घेतो. बापाने ज्याला जवळ ठेवण्यासाठी सारे केले, तोच पहिल्याने हातचा जातो.

भयपटाची नेहमीची सामग्री येथे आहेच. विहिरीतल्या प्रेताभोवती जमलेले उंदीर पुढे घरात शिरतात, भिंतींतून खुडबुडतात, विल्फ्रेडच्या हाताला चावतात. तो हात अखेर कापावा लागतो. मृत पत्नी समोर येऊन मुलाच्या सर्वनाशाची हकिगत त्याच्या कानात सांगते. हे उंदीर खरे की मनातले, याचा निर्णय दिग्दर्शक देत नाही आणि त्याची गरजही नाही. शेतकऱ्याच्या घरात उंदीर ही नवलाची गोष्ट नव्हे. धान्य असते तेथे ते असतातच. रोजच्या ओळखीच्या वस्तूतूनच अपराधी मनाला धमकी ऐकू येऊ लागते, हे मानसशास्त्र येथे अचूक टिपले आहे. टॉमस जेन यांनी विल्फ्रेडची भूमिका दात आवळून, शब्द चावून बोलत केली आहे. पश्चात्तापाचा आक्रोश त्यांनी कोठेही केलेला नाही, म्हणूनच तो पश्चात्ताप खरा वाटतो.

एका बाबतीत प्रेक्षकाने सावध राहिले पाहिजे. ही सारी कथा विल्फ्रेड १९३० साली एका हॉटेलच्या खोलीत बसून लिहीत असलेल्या कबुलीजबाबातून उलगडते. साहजिकच आर्लेट आपल्याला दिसते ती तिच्या मारेकऱ्याच्या नजरेतून. ती तोंडाळ आहे, दारूच्या नशेत वाह्यात बोलते, हे सांगणाराही तोच. तिची बाजू सांगायला कोणी उरलेले नाही. कबुली देतानाही माणूस स्वतःची वकिली सोडत नाही, असा याचा अर्थ. आणि चित्रपटातील मॉली पार्कर यांची आर्लेट लक्षपूर्वक पाहिली, तर त्या वकिलीला पडलेल्या भेगा दिसतात.

शेवटी जमाखर्च काय राहतो? पत्नी गेली, मुलगा गेला, हात गेला. ज्या शेतीसाठी हे सारे केले, ती मातीमोलाने विकावी लागली; आणि ज्या ओमाहा शहराचे नाव काढले म्हणून आर्लेटचा जीव घेतला, त्याच शहरात विल्फ्रेड पोट भरायला आला. पत्नीचे म्हणणे ऐकले असते, तर संसार फार तर मोडला असता. माणसे राहिली असती. बांधावरून आणि वाटणीवरून जेथे जेथे नाती तुटतात, तेथे तेथे या साध्या वजाबाकीचा विचार आधी करावयास हवा. विहीर बुजवता येते, परंतु तिच्या काठावर उभा केलेला मुलगा पुन्हा पूर्वीचा करता येत नाही.