आमचा नवा चिटणीस

गेल्या वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. आमच्या घरी त्या दिवशी देवघरापुढे पाट मांडतात आणि घरातल्या प्रत्येकाच्या हत्यारांची त्यावर पूजा होते. यजमान इंजिनिअर, त्यांचा पाना नि पक्कड. चिरंजीवांची क्रिकेटची बॅट. सासूबाईंची विळी. आणि मी पडले मराठीची प्राध्यापिका, म्हणून माझी आयुधे दोन : मोल्सवर्थचा शब्दकोश आणि लाल शाईचे पेन. त्या वर्षी मात्र सासूबाईंनी शब्दकोश थोडा बाजूला सारला आणि त्या जागी माझा लॅपटॉप आणून ठेवला. “अगं, हल्ली तुझं सगळं लिहिणं ह्याच्यावरच चालतं ना? मग मान त्याचाच,” असे म्हणून त्यांनी मिटलेल्या झाकणावर हळदीकुंकवाचे बोट टेकवले आणि वर झेंडूचे फूल ठेवले.

त्या झाकणाखाली एक नवा पाहुणा मुक्कामाला आला आहे, ह्याची त्यांना कल्पना नव्हती. मलाही त्याची ओळख होऊन जेमतेम आठवडा झाला होता.

वाचकहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी तो आता आलाच असेल. पत्र किंवा अर्ज लिहायला बसावे, आणि कोऱ्या पानाच्या कडेला एक लहानसे चिन्ह चमकावे. ‘मसुदा करून देऊ का?’ असे त्याने अदबीने विचारावे. तुम्ही चार शब्दांत विषय सांगायचा अवकाश, की ओळींमागून ओळी पानावर उतरू लागतात. मी त्याचे नाव ‘चिटणीस’ ठेवले. शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांची आख्यायिका आपण लहानपणी ऐकलेली आहे. महाराजांनी एक पत्र सांगितले होते, ते कामाच्या गर्दीत लिहायचे राहून गेले. आणि महाराजांनी वाचून दाखवायला सांगितल्यावर बाळाजींनी कोरा कागद पुढे धरून सबंध पत्र अस्खलित वाचून दाखवले. कोऱ्या कागदातून पत्र काढणारा माणूस! माझ्या लॅपटॉपातले हे गृहस्थ नेमके तेच करीत होते.

पहिले काही दिवस माझी मोठी चैन झाली. आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दलचा अर्ज त्याने पाच मिनिटांत लिहिला. ‘जरा कडक कर’ म्हटले की कडक, ‘जरा नरम’ म्हटले की नरम. सासूबाईंच्या पेन्शनचे पत्र इंग्रजीत हवे होते. तेही बिनचूक झाले. विभागाच्या सभेचे इतिवृत्त लिहिणे म्हणजे माझ्या जिवावर येई. मी त्याला टिपणे दिली नि त्याने सुरेख इतिवृत्त करून दिले. फक्त त्यात तीन ठिकाणी ‘सर्वानुमते’ असा शब्द घातला. आमच्या विभागात गेल्या पंधरा वर्षांत सर्वानुमते एकच गोष्ट ठरली आहे, ती म्हणजे चहा मागवणे. मी हसून तो शब्द खोडला. त्या ‘सर्वानुमते’ ह्या शब्दातच त्याचा सगळा स्वभाव होता, हे मात्र पुढे ध्यानात आले.

तो स्वभाव असा. मी ‘दिवाळीच्या हार्दिक’ एवढेच म्हणून थांबले, तर पुढचा शब्द तुम्ही न विचारता सांगाल. कारण आजवर हजार वेळा तुम्ही तो त्याच जागी पाहिला आहे. ह्या यंत्राने लोकांनी लिहिलेला अफाट मजकूर चाळलेला असतो आणि कोणत्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव किती, ह्याचे वजन मनात, म्हणजे आकड्यांत, साठवलेले असते. मग शब्दाचा एकेक तुकडा पुढे ठेवीत ते वाक्य विणत जाते. ह्या विणकामाची ‘ट्रान्सफॉर्मर’ नावाची रचना गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली एका निबंधात मांडली. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि ती घरोघर पोचली. पुढच्या मार्च महिन्यात, म्हणजे २०२३ साली, मायक्रोसॉफ्ट आणि गूगल ह्या दोघांनीही आपापल्या लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये असा मदतनीस बसवण्याची घोषणा केली. माझा चिटणीस कोणत्या घराण्यातला, हे मी सांगत नाही. सगळ्यांचे वळण थोडेबहुत एकच आहे.

तेव्हा जे पुष्कळांनी पुष्कळदा लिहिले, ते ह्याला सहज सुचते. अर्जाला हेच हवे असते; अर्ज जितका चारचौघांसारखा, तितका बरा. पण जी गोष्ट जगात एकाच घरात घडली, तिचे काय? त्यातून इंग्रजीच्या मानाने मराठीचा मजकूर ह्या यंत्रांच्या पोटात फारच थोडा गेलेला आहे. म्हणून ह्याची मराठी व्याकरणाने शुद्ध, पण इस्त्री केल्यासारखी. ह्याच्या लेखी प्रत्येक आयुष्य हा ‘प्रवास’ असतो, प्रत्येक गावाला ‘समृद्ध वारसा’ असतो आणि प्रत्येक आजी ‘मायेचा सागर’ असते.

आजीवरूनच पुढली हकीगत घडली.

आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकाची मी संपादक. जानेवारीत निबंधस्पर्धा घेतली. विषय साधाच, ‘माझ्या घरातले माणूस’. आलेल्या निबंधांत एक माझ्या मनात भरला. लिहिणारी मुलगी सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडकडची, प्रथम वर्षाची, वसतिगृहात राहणारी, वर्गात शेवटच्या बाकावर गप्प बसणारी. निबंध आजीवर होता. घरी पिढ्यान्‌पिढ्या घोंगड्या विणण्याचा धंदा, आजी त्यात राबलेली. एकही शब्द अशुद्ध नाही, वाक्ये कशी सुबक! ‘पारंपरिक नैसर्गिक पदार्थांच्या साहाय्याने आजी त्या उबदार वस्त्राला आकार देत असे. तिच्या सहवासात मायेची ऊब जाणवत असे.’ सहा महिन्यांत मुलीने केवढी मजल मारली, असे वाटून मला समाधान झाले. त्यात थोडे स्वतःच्या शिकवण्याचे कौतुकही होते, हे कबूल करते. मी तिला पहिला क्रमांक दिला.

निकाल लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. चेहरा पडलेला.

“मॅडम, माझा नंबर काढून टाका.”

“का गं? काय झालं?”

तिने सांगितले ते असे. निबंध तिने आधी वहीत लिहिला होता. मग वसतिगृहातल्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर टाईप केला आणि तिथल्या मदतनिसाला सांगितले, ‘हे शुद्ध आणि चांगल्या भाषेत करून दे.’ त्याने ते करून दिले. बक्षीस लागले, तसा तिने गावी फोन केला. आजी म्हणाली, वाचून दाखव. हिने सगळा निबंध वाचून दाखवला. आजीने मुकाट्याने शेवटपर्यंत ऐकला आणि विचारले,

“झ्याक हाय. पर ही म्हातारी कोण गं? आपल्या गावातली हाय का?”

एवढे सांगून ती मुलगी रडू लागली.

मी तिला खुर्चीवर बसवले, पाणी दिले. मनात मात्र उपदेशाची जुळवाजुळव चालली होती : स्वावलंबन, प्रामाणिकपणा, आणखी काय काय. “अगं, पण हे असं दुसऱ्याकडून करून घ्यायचं तुला सुचलं कसं?” मी विचारले.

तिने काही न बोलता पिशवीतून वही काढून माझ्यापुढे ठेवली. उघडली ते पान निघाले जुलै महिन्याचे. वर्गात मी लिहायला दिलेला पहिला निबंध. पानभर माझी लाल शाई. ‘व्हती’ला गोल, ‘आज्जी’तल्या एका ‘ज’वर काट, ‘खळ’ ह्या शब्दाखाली नागमोडी रेघ आणि समासात माझ्या वळणदार अक्षरात शेरा : ‘ग्राम्य शब्द टाळावेत. प्रमाण भाषेत लिहावे.’

“तुम्हीच म्हणाला होतात, मॅडम,” ती हळूच म्हणाली. “मला तसं येईना. त्याला येत होतं.”

माझा उपदेश ओठांवरच राहिला. मदतनिसाने माझीच आज्ञा पाळली होती. मी सहा महिने जे लाल शाईने करीत होते, ते त्याने सहा सेकंदांत पुरे केले होते. आणि त्याबद्दल मीच पहिले बक्षीस देऊन मोकळी झाले होते! शुद्धलेखनाचे नियम मी वर्षानुवर्षे शिकवते आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली चौदा नियम केले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली, असे अठरा. ते शब्द कसा लिहावा हे सांगतात. म्हसवडच्या मुलीने घरचा शब्द टाकून द्यावा, असे त्यांतल्या एकातही नाही. हा एकोणिसावा नियम माझ्यासारख्यांच्या लाल पेनाने परस्पर केला.

आणि ह्याच वर्गात मी बहिणाबाई शिकवते! लिहितावाचता न येणारी ती माउली १९५१ साली गेली आणि १९५२ साली तिची गाणी छापून आली, ती खानदेशातल्या तिच्या बोलीत. चिरंजीव सोपानदेव स्वतः नावाजलेले कवी. आईची भाषा ‘सुधारून’ देणे त्यांना काही अवघड नव्हते. तसे झाले असते तर आज आपल्या हाती काय उरले असते? मी हे दरवर्षी वर्गात मोठ्या उमाळ्याने सांगते, आणि तास संपला की लाल पेन उघडते.

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन संध्याकाळी आम्ही दोघी ती वही घेऊन बसलो. मी लाल पेन घरीच ठेवले होते. दुरुस्ती करायची नाही, फक्त विचारायचे, असे ठरवले. ‘खळ’ म्हणजे काय गं? तर चिंचोक्याची खळ. चिंचोके भिजवायचे, कुटायचे, शिजवायचे आणि ती खळ घोंगडीच्या ताण्याला लावायची, म्हणजे लोकरीचा धागा ताठ राहतो. आणि? आणि आजीच्या हातांना, लुगड्याला, तिच्या कुशीला त्या खळीचा आंबूस वास येतो. “पुण्यात आले तेव्हा पहिल्या रात्री झोप येईना,” ती म्हणाली. “मग उठून पिशवीतली घोंगडी काढली आणि तोंडावर घेतली. वास आला, मग झोप लागली.”

मी चिटणिसाचे वाक्य पुन्हा काढून पाहिले. ‘पारंपरिक नैसर्गिक पदार्थ’ म्हणजे चिंचोके. ‘मायेची ऊब’ म्हणजे ती रात्र. बरे, त्याला दोष तरी कसा द्यावा? पुण्याच्या वसतिगृहात ज्या मुलीने त्या रात्री घोंगडी तोंडावर घेतली, ती एकटीच होती. त्या शब्दांपुढे कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे त्याने कुठून वाचावे? बाळाजी आवजींना कोऱ्या कागदावरून वाचता आले, कारण महाराजांच्या मनातले त्यांना ठाऊक होते.

निबंध नव्याने लिहून झाला तो तिच्याच शब्दांत. निवेदन सरळ, नेहमीच्या मराठीत; आजी बोलते ते आजीसारखे. ऱ्हस्वदीर्घ तपासायला मात्र आम्ही चिटणिसाला बोलावले, आणि ते काम त्याने चोख केले. जाता जाता ‘खळ’च्या जागी ‘नैसर्गिक चिकट द्रव’ घालू का, असेही विचारले. मुलीने पटकन ‘नको’ वर बोट दाबले. तिला इतक्या ठामपणे नाही म्हणताना मी प्रथमच पाहत होते.

तेव्हापासून मी चिटणिसाला कामावरून काढलेले नाही. अर्ज, इतिवृत्ते, इंग्रजी पत्रे ही त्याची दौलत. तिथे तो सुखाने नांदो. वर्गात मात्र पहिला खर्डा वहीत, हाताने, माझ्यासमोर, असा नियम केला आहे. आणि समासात मी आता शेरे लिहीत नाही, प्रश्न लिहिते. ‘म्हणजे काय?’ ‘मग पुढे?’ ‘कसला वास?’ लाल शाईची सवय जुनी आहे. हात अजून चुकतो, पण आवरते.

मार्चमध्ये अंकाची मुद्रिते आली. ती मुलगी माझ्या खोलीत बसूनच मुद्रित तपाशीत होती. मी म्हटले, “आजीला लाव फोन.” तिने आवाज मोठा करून निबंध वाचायला घेतला. ह्या खेपेला पलीकडे शांतता नव्हती. मधूनमधून हुंकार येत होता, एकदा हसूही आले. खळीच्या परिच्छेदाशी मात्र आजीने नातीला तिथल्या तिथे अडवले.

“आगं, आसं न्हाई! आदी चिंचोकं भाजायचं, मग भिजवायचं. न भाजता टरफल निगंल व्हय? चुकीचं लिव्हलंस की. दुरुस्त कर.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी टेबलावरचे निळ्या शाईचे पेन तिच्यापुढे सरकवले आणि तिने मुद्रितात ‘भाजून’ हा शब्द घातला.